वर्गणीदारांची खतावणी

म्हैसूरच्या दक्षिणेस कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे क्षेत्र वसलेले आहे. येथल्या देवाचे नाव नंजुंडेश्वर. कन्नडात 'नंजु' म्हणजे विष, आणि ते ज्याने सेवन केले तो 'नंजुंड'. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल सर्वांच्या वतीने एकट्याने पचविणारा नीलकंठ, असा त्या नावाचा सरळ अर्थ. देवालय भव्य आहे. महाद्वारावरचे उत्तुंग गोपुर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या राणीने उभारले. टिपू सुलतानाने या देवाला पाचूचे लिंग अर्पण केले, असे येथली परंपरा सांगते. परंतु 'दोड्ड जात्रे'च्या दिवशी, म्हणजे येथल्या मोठ्या यात्रेत, देवाचे पाच रथ निघतात तेव्हा त्यांचे दोर ओढावयास कोणत्याही राजाचे सामर्थ्य पुरे पडत नाही. तेथे हजारो हात लागतात. गोपुर एका खजिन्यातून उभे राहिले. रथ मात्र दरवर्षी समुदायाच्या बळावर चालतो. एकाच आवारात दातृत्वाच्या या दोन तऱ्हा पाहावयास मिळतात.

साहित्य आणि कला यांच्या इतिहासालाही या दोन तऱ्हा लागू पडतात. ग्रंथ लिहिला जातो, नाटक बसविले जाते, चित्रपट निघतो, तेव्हा खर्च आधी होतो आणि फळ मागाहून येते. कागदवाल्याचे, छापखान्याचे, नटांचे व कारागिरांचे पैसे आज द्यावे लागतात. वाचक व प्रेक्षक उद्या येणार, आणि कदाचित येणारही नाहीत. या दोहोंमधल्या काळाचा भार कोणी सोसावयाचा, हा खरा प्रश्न. हलाहल येथेच आहे. ते राजाने घ्यावे, की सावकाराने, की स्वतः कलावंताने, की थेंबाथेंबाने पुष्कळांनी? अलीकडे इंटरनेटवरून शेकडो अपरिचित लोकांकडून लहान लहान रकमा जमवून पुस्तके, चित्रपट व गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती या प्रश्नाचे नवे उत्तर म्हणून सांगितली जाते. ते उत्तर तितकेसे नवे नाही. मराठी भाषेत त्याला फार दिवसांपासून एक साधा शब्द आहे, आणि तो म्हणजे वर्गणी.

राजाश्रयाला मोडता घालून पुष्कळांच्या वर्गणीवर विसंबण्याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. अलेक्झांडर पोप या कवीने होमरच्या 'इलियड'चे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केले. प्रत्येक खंडाची किंमत एक गिनी, आणि काम पुरे होण्याच्या आधीच ५७५ वर्गणीदारांनी नावे नोंदविली होती. त्यांची यादी ग्रंथात छापण्यात आली. त्या उत्पन्नामुळे पोपला कोणा सरदाराच्या देवडीवर तिष्ठत बसण्याची गरज उरली नाही. अर्थात त्या यादीतही उमरावांचा भरणा होताच. परंतु एकाच्या मर्जीवर जगणे आणि पाचशेंच्या अपेक्षेवर जगणे यांत मोठे अंतर आहे. एकाची मर्जी खप्पा झाली की सारेच बुडते. पाचशेंपैकी दहा रुष्ट झाले तरी ग्रंथ निघतो.

आपल्याकडे ही पद्धत रुजली ती छापखान्याबरोबर, आणि त्याहूनही अधिक टपालाबरोबर. १८५४ साली हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता वजनावर एकसारखे टपालहशील सुरू झाले. १८७७ साली व्ही. पी. पार्सलाची सोय झाली, आणि १८८० साली मनिऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. रूक्ष वाटणाऱ्या या तीन नोंदींवर मराठी नियतकालिकांची इमारत उभी आहे. पुण्याहून निघालेला अंक इंदूरला वा बेळगावला त्याच हशिलात जाऊ लागला, आणि तिकडून वर्गणीचे रुपये निर्धास्तपणे परत येऊ लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली निघाली. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ साली सुरू झाला. जुन्या बखरी, पत्रे व अप्रकाशित काव्ये महिन्याच्या महिन्याला हप्त्यांनी छापावयाची, ही त्या मासिकाची रीत. बखर एकदम ग्रंथरूपाने काढावयाची तर भांडवल हवे. हप्त्याने काढली तर या महिन्याची वर्गणी पुढल्या महिन्याचा कागद विकत घेते. मराठ्यांच्या इतिहासाची पुष्कळशी साधने अशा रीतीने, जवळजवळ हातावर पोट असल्यासारखी, प्रकाशात आली आहेत.

याच काळातले दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तुकारामांच्या गाथेची जी संशोधित आवृत्ती शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ च्या सुमारास इंदुप्रकाश छापखान्यातून काढली, तिला मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. वर्गणीची थोरवी गाताना सरकारी आश्रयाला नावे ठेवण्याचा मोह होतो, म्हणून हे नमूद करून ठेवतो. सरकारी पैशाने चांगले काम होत नाही, असे इतिहास म्हणत नाही. तो एवढेच दाखवितो की सरकारला जे काम आधीच महत्त्वाचे पटलेले असते त्यालाच तो पैसा मिळतो. जे काम अद्याप कोणाला पटलेले नाही, त्याने कोठे जावे?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश हे असे, आरंभी कोणालाही न पटलेले काम होते. केतकरांचा जन्म १८८४ साली रायपूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच मुलुखाबाहेरच्या मराठी कुटुंबातला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून, जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहून, डॉक्टरेट मिळवून ते १९१२ साली परत आले. मराठीत सर्व विद्यांचा कोश हवा, असे त्यांनी ठरविले. संस्थानिक पाठीशी नाही, विद्यापीठ नाही, सरकार नाही. तेव्हा त्यांनी १९१६ साली नागपुरास ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भाग विकले आणि ग्रंथ तयार होण्याच्या आधीच त्याचे ग्राहक मिळविण्याचा उद्योग आरंभिला. पुढे काम पुण्यास गेले. १९२० पासून खंड निघू लागले. आधी पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे शरीरखंड, असे एकूण २३ खंड मराठी वाचकाच्या घरी पोचले.

या योजनेतली अडचण हिशेबाच्या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचे धाडस समजते. आम्हां कारकुनांना जमाखर्चाच्या दोन बाजू रोज पाहाव्या लागतात, म्हणून त्या दृष्टीने सांगतो. ग्राहकाची रक्कम जमेस धरावी, पण ती कमाई नव्हे. ती देणे आहे. तेवीस खंडांपैकी तीन पोचले तर वीस खंडांचे देणे डोक्यावर उरते. मध्यंतरी कागद महागतो, लेखक वेळेवर मजकूर देत नाहीत, जुने ग्राहक कंटाळतात, काही दगावतात, काहींच्या बदल्या होतात. नव्या ग्राहकाच्या पैशाने जुन्याचा खंड छापावा तर नव्याचे देणे वाढते. हे चक्र एकदा अडले की पुढले खंड कायमचे अडतात. आपल्या जुन्या ग्रंथालयांतून 'भाग पहिला' असे छापलेले आणि दुसरा भाग कधीच न निघालेले ग्रंथ याची साक्ष देतील. केतकरांचा कोश मात्र पुरा झाला. केवळ विद्वत्तेने तो पुरा झाला नाही. एका माणसाने विद्वान, कंपनीचा चालक आणि फिरता विक्रेता या तिन्ही भूमिका दीर्घकाळ पार पाडल्या, म्हणून तो झाला.

त्याहून मोलाची गोष्ट पुढली आहे. काम संपल्यावर केतकरांनी ज्ञानकोशमंडळाचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून काढला. कोश लिहिणाऱ्याने कोश निघाला कसा याचीही हकीकत वाचकांपुढे मांडावी, ही कल्पनाच त्या काळी दुर्मिळ होती. पुष्कळांकडून घेतलेल्या पैशाची परतफेड केवळ वस्तूने होत नाही. ती वस्तू कशी घडली हे सांगितल्याने ती पुरी होते, ही जाणीव या कृतीच्या मुळाशी आहे. १९३१ साली हैदराबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेही महाराष्ट्राबाहेरच. १९३७ साली ते वारले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. गुजराती ज्ञानकोशाचा त्यांचा उद्योग तडीस गेला नव्हता. वर्गणीने कोश जगविला. कोशकाराच्या म्हातारपणाची तरतूद तिने केली नाही. या पद्धतीचे गुणगान करताना हा दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले. एका वर्गणीच्या पोटी दुसरा कोश जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या उलट बाजूस दादासाहेब फाळके उभे आहेत. त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढले, १९१२ साली विलायतेस जाऊन यंत्रसामग्री आणली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. येथे हलाहल एका कुटुंबाने प्राशन केले. चित्रपट चालला, म्हणून ते पचले. पुढे १९१८ मध्ये धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तेव्हा विष वाटले गेले, पण त्याबरोबर अधिकारही वाटला गेला. थोड्याच काळात भागीदारांशी मतभेद होऊन फाळके कंपनी सोडून काशीस गेले. काही वर्षांनी परतले, पण पूर्वीचे स्वामित्व त्यांना लाभले नाही. पाच-सहा भागीदार असले की प्रत्येकाला कथेत, पात्रांत, खर्चात बोट घालण्याचा हक्क वाटतो. पाचशे असले की तो कोणालाच वाटत नाही. दात्यांची संख्या वाढत जाते तसतसा कलावंतावरचा दाब कमी होतो, हे या व्यवहारातले विलक्षण गणित आहे.

पुष्कळांचा आकडा किती वाढविता येतो, याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्समधून भेट म्हणून आला, पण तो ज्यावर उभारावयाचा त्या चौथऱ्याला पैसा पुरेना. १८८५ साली जोसेफ पुलित्झर याने आपल्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि रक्कम कितीही क्षुल्लक असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन दिले. पाच-सहा महिन्यांत एक लाखावर डॉलर जमले. देणारेही लाखाच्या वर होते आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरहून कमी होती. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या पैशांतून तळेगावास १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. हा कलेचा व्यवहार नव्हे, परंतु लहान रकमेची लाज बाळगू नये हा धडा मराठी माणसाला त्याने शिकविला.

तो धडा चित्रपटाला लागू झाला तो १९७६ साली, आणि तोही गुजरातेत. दूधउत्पादकांच्या सहकारी संघांतल्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्या १० लाखांत श्याम बेनेगल यांनी 'मंथन' काढला. निर्माते म्हणून त्या ५ लाख शेतकऱ्यांचाच उल्लेख पडद्यावर येतो. या चित्रपटाची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. स्मिता पाटील त्यात होत्या, आणि माथेरानास जन्मलेले कन्नड नाटककार गिरीश कार्नाडही होते. प्रदर्शनानंतर खेड्याखेड्यांतून शेतकरी ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहावयास आले. दाता आणि प्रेक्षक एकच झाल्यामुळे चित्रपटाला गिऱ्हाईक शोधण्याची वेळच आली नाही. २०२४ साली त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखविण्यात आली. तथापि एक प्रश्न मनात येतो. दुधाच्या पैशांतून वळते झालेले २ रुपये प्रत्येक शेतकऱ्याने सारख्याच राजीखुशीने दिले असतील काय? संघाचा निर्णय आणि व्यक्तीची इच्छा यांत फरक असू शकतो. केरळात जॉन अब्राहम यांच्या 'ओडेसा' मंडळींनी गावोगाव चित्रपट दाखवून लोकांपुढे झोळी पसरली आणि त्या पैशांतून १९८६ साली 'अम्मा अरियान' काढला. ती रक्कम लहान, पण तिच्यामागची इच्छा निःसंशय होती.

मराठी ग्रंथव्यवहारात या परंपरेने पुन्हा उचल खाल्ली ती १९७४ साली 'ग्रंथाली'च्या रूपाने. दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचकांची चळवळ म्हटले. वाचकांनी सभासद व्हावे, आधी पैसे भरावेत आणि पुस्तके सवलतीत घ्यावीत, असा तो व्यवहार. याच ग्रंथालीने १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध केले. मराठीत दलित आत्मकथनांचा जो प्रवाह पुढे वाहिला, त्याच्या आरंभीचे हे पुस्तक. गावकुसाबाहेरच्या आणि मुंबईच्या कावाखान्यातल्या जीवनाचे हे रोखठोक निवेदन रूढ बाजाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. ज्या सभासदाने वर्षाच्या आरंभी पैसे भरले, त्याला अशा पुस्तकाची पूर्वकल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने एका पुस्तकाला नव्हे, तर निवड करणाऱ्यांच्या विवेकाला आगाऊ रक्कम दिली होती. वर्गणीचे हे सर्वांत प्रगल्भ रूप होय. आपल्याला काय आवडेल हे आपल्यालाच आधी ठाऊक नसते, एवढी नम्रता त्यात गृहीत आहे.

आता इंटरनेटवरच्या लोकनिधीकडे वळू. अमेरिकेत 'आर्टिस्टशेअर' ही संगीतकारांसाठीची सोय २००३ च्या सुमारास सुरू झाली, आणि २००९ साली 'किकस्टार्टर' निघाले. रीत अशी, की कलावंताने आपली योजना मांडावी, लागणारी रक्कम व मुदत जाहीर करावी. मुदतीत पुरी रक्कम जमली तरच ती कलावंताला मिळते, एरवी कोणाचाही पैसा कापला जात नाही. जमलेल्या रकमेतून संस्था शेकडा ५ घेते. देणाऱ्याला सामान्यतः नफ्यातला वाटा मिळत नाही. पुस्तकाची प्रत, तिकीट किंवा श्रेयनामावलीत नाव एवढेच मिळते. यामागे कायद्याचे कारण आहे. जनतेला भागभांडवल विकणे हा सर्वत्र नियंत्रित व्यवहार आहे. आपल्याकडे 'सेबी'ने २०१४ साली या विषयावर चर्चापत्र काढले होते. केतकरांनी कंपनी नोंदवून भाग विकले. आजचा कलावंत तो खटाटोप टाळून पोपच्या जुन्या मार्गाने जातो.

हिंदी व कन्नड चित्रपटांनी हा मार्ग लवकर चोखाळला. ओनीर यांचा 'आय ॲम' हा चित्रपट चारशेंवर लोकांच्या रकमांतून २०१० साली तयार झाला आणि त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आमच्या या कन्नड मुलुखात पवन कुमार या दिग्दर्शकाला 'लूसिया' या चित्रपटासाठी निर्माता मिळेना. त्यांनी २०११ च्या अखेरीस आपले गाऱ्हाणे इंटरनेटवर उघडपणे मांडले, आणि महिन्याच्या आत शंभरावर लोकांनी सुमारे ५० लाख रुपये जमविले. २०१३ साली चित्रपट लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीस उतरला आणि मग कर्नाटकात प्रदर्शित झाला. त्याचे नायक सतीश हे हेग्गोडूच्या नीनासम् नाट्यसंस्थेत शिकलेले. के. व्ही. सुब्बण्णांनी नावारूपास आणलेल्या त्या संस्थेच्या नावातही नीलकंठेश्वरच आहे, हा योगायोग नंजनगूडकराला नोंदवावासा वाटतो.

या नव्या पद्धतीचे दोष नवे नाहीत. २०१५ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या एका पाहणीत असे आढळले की, किकस्टार्टरवर पैसा जमलेल्या योजनांपैकी सुमारे शेकडा ९ योजनांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही. 'भाग दुसरा' कधीच न निघण्याची जुनी रीत येथेही आहे. दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्याला आर्जवाने मागता येते, ज्याचे स्नेही पुष्कळ, ज्याचा चेहरा परिचित, त्याची झोळी लवकर भरते. एखाद्या बोलीचा कोश, मोडी दफ्तरांचे वाचन, लोप पावत चाललेल्या कीर्तनपरंपरेची नोंद, असल्या कामांना अबोल माणसे वाहून घेतात. पूर्वी त्यांना राजदरबारी खुशामत साधत नसे. आता त्यांना जाहिरात साधत नाही. समुदायाची मर्जी ही राजाच्या मर्जीहून सौम्य असते, परंतु तीही मर्जीच आहे. म्हणूनच मराठी विश्वकोशासारखे काम सरकारी मंडळाने करावे लागले, आणि ते तसे झाले हे इष्टच झाले. रथ ओढणारे हात पुष्कळ असले तरी गोपुर बांधणाराही कोणीतरी लागतोच.

मग या सगळ्यात आपल्यासारख्या, बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी नोकरवर्गाचे स्थान कोणते? मला वाटते, ते पूर्वीपासून ठरलेले आहे. आपण नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला हजर नसतो, ग्रंथप्रदर्शनाला जाऊ शकत नाही, साहित्यिकांच्या बैठकींत आपल्याला आसन नसते. आपल्याला शक्य असलेली एकच साहित्यसेवा म्हणजे वर्गणी, आणि ती अंतराने उणावत नाही. टपालहशील एकसारखे झाले तेव्हा परमुलुखातल्या मराठी माणसाला ती प्रथम साधली; २०१६ साली यूपीआय आल्यापासून नंजनगूडहून पुण्यास वर्गणी पाठविण्यास मनिऑर्डरीचा अर्जही भरावा लागत नाही. अंतराचे निमित्त आता उरलेले नाही.

आपल्यापैकी केंद्र सरकारच्या सेवकांनी मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. १९६४ च्या वर्तणूक नियमांतला बारावा नियम असा आहे की, सरकारी सेवकाने पूर्वपरवानगीवाचून कोणत्याही कार्यासाठी निधी गोळा करू नये वा त्या खटपटीत सामील होऊ नये. या नियमाचा धाक पुष्कळांना उगाचच जरुरीपेक्षा अधिक वाटतो. मागण्यास बंदी आहे. स्वतःच्या खिशातून वर्गणी देण्यास नाही. किंबहुना आपल्या स्वभावाला हे मानवणारेच आहे. झोळी दुसऱ्याने फिरवावी, आपण आपला वाटा टाकून पावती घ्यावी.

परंतु पावती घ्यावी, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. देणाऱ्याने हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी एक खोटी भीड आपल्यात रूढ आहे. इतिहास याच्या उलट सांगतो. पोपने यादी छापली, पुलित्झरने नावे छापली, केतकरांनी बारा वर्षांची हकीकत लिहिली, आणि 'मंथन'ने ५ लाख जणांना निर्मातेपद दिले. ज्या कामांनी देणाऱ्यांना खतावणीत जागा दिली ती कामे लोकांच्या स्मरणात राहिली. तेव्हा योजना मांडणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे: काम पुरे होण्यास खरोखर किती लागणार, आणि अर्ध्यावर थांबावे लागले तर आमच्या पैशाचे काय होणार? ज्याला यांची उत्तरे नीट देता येतात त्याला उशीर झाला तरी आपण सांभाळून घ्यावे. उशीर ही लबाडी नव्हे. मौन मात्र लबाडीच्या फार जवळ असते.

आणि कलावंताच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. केतकरांचे अखेरचे दिवस आठवून देणाऱ्यांनी अंदाजपत्रकात एक रकाना नेहमी शोधावा. कागद, छपाई, यंत्रे, प्रवास हे सर्व त्यात मांडलेले असते. काम करणाऱ्या माणसाच्या निर्वाहाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, कारण मागणाऱ्याला तो भरण्याचा संकोच वाटतो. दरमहा ठराविक तारखेस पगार घेणाऱ्या आपण मंडळींनी तरी तो संकोच दूर करावा. तो रकाना कोरा दिसला तर कारण विचारावे, आणि आपल्या वर्गणीत थोडी भर घालून ती त्याच्याच नावे टाकण्यास सांगावे.